चौदाव्या पानावरचं पाणी

"म्हैस अशी वरडत नसते, मॅडम!"

हे मला भिंतीनं सांगितलं. संध्याकाळचे सात वाजले होते, माझी मुलगी मुक्ता माझ्या मांडीवर पाय टाकून पडली होती आणि मी तिला गोष्ट वाचून दाखवत होते. गोष्टीतली म्हैस रुसून बसली होती आणि ओरडत होती. मी आपली मला जमेल तशी ओरडले. लगेच पलीकडून भिंतीवर तीन टकटका पडल्या आणि वर हा शेरा आला. मी दचकले. मुक्ताला मात्र आनंदाचं भरतं आलं. भिंतीकडे तोंड करून ती ओरडली, "मग कशी ओरडते, इंगळेकाका?" त्यावर पलीकडून अशी काही अस्सल म्हैस ओरडली, की गल्लीच्या टोकाच्या गोठ्यातून एका खऱ्या म्हशीनं तिला उत्तर दिलं.

बुलडाणा जिल्ह्यातल्या धाड गावात आम्ही राहतो ते घर म्हणजे एका लांबलचक घराचे दोन तुकडे आहेत. मधली भिंत घरमालकानं भाडेकरू ठेवायच्या घाईत बांधली असावी, कारण ती वरच्या टिनाला टेकतच नाही. हातभर फट आहे. आमच्याकडची फोडणी काकांच्या नाकात जाते, त्यांची शिंक आमच्या वरणात येते, आणि आमच्या घरातलं एकही वाक्य आमचं राहत नाही.

इंगळेकाका सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक. गाव त्यांना 'ढोरायचे डॉक्टर' म्हणतं आणि तेही नाही म्हणत नाहीत. उंच, वाळलेले, अठ्ठावन्नाला टेकलेले. पायात कायम गमबूट, आणि शर्टाच्या खिशात दोन वस्तू: जनावरांचा ताप बघायचा थर्मामीटर आणि पेन्सिलीचा बोटभर तुकडा. जनावराचा ताप कुठून बघतात हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना मी त्या पेन्सिलीला कधी हात का लावला नाही हे सांगावं लागणार नाही.

तर या माणसाला नाद एकच. मुलांच्या पुस्तकांची शिफारस करण्याचा. तुमच्या शेळीचं पोट फुगलं म्हणून तुम्ही तिला दवाखान्यात नेलंत, तर काका आधी शेळीकडे बघतात, मग तुमच्याकडे बघतात आणि विचारतात, "घरात लेकरू केवढालं हाये?" तुम्ही चुकून खरं वय सांगितलंत की संपलं. औषधाच्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पुस्तकाचं नाव येतं. 'टकल्या राजाचा कंगवा. रोज दोन पाने. जेवणानंतर.' एकदा एक म्हातारेबुवा खुरात काटा गेलेला बैल घेऊन आले होते. ते म्हणाले, "माह्यं लेकरू पंचेचाळीसचं हाये, डॉक्टर." काका म्हणाले, "त्याले लहानपनी कोनी वाचून दाखोलं होतं का?" "नाई बा." "मंग आता दाखवा." आणि दिली चिठ्ठी, आणि स्वतःच्या पेटीतलं पुस्तकही दिलं. आठ दिवसांनी म्हातारेबुवा परत आले. बैल बरा होता. म्हणाले, "पोरगा इचारून राह्यला, याचा दुसरा भाग हाये का?"

हा किस्सा काकांनी मला निदान पंधरा वेळा सांगितला आहे. दर वेळी शेवटी ते म्हणतात, "हे माह्यं मत नाई, मॅडम. नोंद हाये!"

'नोंद हाये' हा त्यांचा शेवटचा शब्द. त्यापुढे वाद चालत नाही. आता मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत बारा वर्षं पहिली-दुसरीला शिकवते. मुलांनी काय वाचावं, कसं वाचावं, यावर मी प्रशिक्षणं घेतली आहेत आणि दिलीही आहेत. पण हे सगळं काकांसमोर काडीइतकं कामाचं नाही. सकाळी मी डबा, पिशवी, मुक्ताची वेणी आणि दाराचं कुलूप एकाच वेळी सांभाळत जीप गाठायला धावत असते, तेव्हा हे कुंपणापाशी ब्रश करत उभे असतात. तोंडात फेस, तरी शिफारस चालू. "तुमच्या दुसरीतल्या लेकरायले 'बेडूक निघाला तपासणीले' द्या. पन पान नऊवर बेडकाले शेपूट काढेल हाये चित्रात. ते म्या खोडलं."

ते आणखी एक. मुलांच्या पुस्तकातल्या जनावरांच्या चुका काका लाल शाईनं दुरुस्त करतात. त्यांच्या पेटीतलं एकही पुस्तक यातून सुटलेलं नाही. रुसलेल्या म्हशीचं जे पुस्तक आमच्याकडे आलं, 'रुसकी म्हैस' त्याचं नाव, त्यात चित्रकारानं म्हशीला हसताना वरचे दात दाखवले होते. त्यावर लाल शाईची फुली आणि बाजूला शेरा: 'म्हशीला वरचे समोरचे दात नसतात. मुलांना खरे सांगावे.' मी म्हटलं, "काका, या गोष्टीतली म्हैस बोलते, रुसते आणि शेवटी बैलगाडीत बसून बाजाराला जाते. ते चालतं का तुम्हाला?" काका गंभीरपणे म्हणाले, "बोलन, रुसन. ते तिच्या मनाचं झालं. पन दात कुठून आनन?"

आता मुद्द्याचं. काका दिवाळीच्या आधी निवृत्त होणार होते आणि पुण्याला मुलीकडे राहायला जाणार होते. काकू चार वर्षांपूर्वीच तिकडे गेल्या, नातू सांभाळायला. मुलीनं, सुजातानं, फोनवर एकच अट घातली होती, आणि ती वरच्या फटीतून मीही ऐकली होती. "बाबा, तुम्ही या, कपडे आणा, पण पुस्तकांची पेटी आणू नका. दोन खोल्या आहेत हो, जागाच नाही. आणि आयुष मोबाइलवर ऐकतो गोष्टी." काका 'बरं बाई' म्हणाले होते.

पेटीत एकतीस पुस्तकं होती. आपण जाण्याआधी ती चांगल्या घरी पडली पाहिजेत, हा काकांचा घोर होता. दुसरा कुणी असता तर शाळेला देऊन मोकळा झाला असता. काका स्थळं बघायला लागले. अक्षरशः स्थळं. संध्याकाळी गमबूट काढून, धुतलेला शर्ट घालून ते लोकांच्या घरी जात, चहा घेत आणि चौकशी करत. वाचणार कोण? आई का बाप? किती वाजता? टीव्ही कोणत्या खोलीत? एका घरी पुस्तकांना काचेचं कपाट होतं, त्याला कुलूप होतं. काका चहा अर्धा टाकून उठले. "पुस्तकायले जेलात टाकून राह्यले," म्हणाले. दुसऱ्या घरी आई म्हणाली, आमचा बंटी स्वतःच वाचतो. काका म्हणाले, "मंग त्याले गरज नाई," आणि निघून आले. माझ्या शाळेचंही स्थळ मी सुचवलं. काका आले, ग्रंथालयाचं कपाट पाहिलं. किल्ली मुख्याध्यापकांकडे होती आणि मुख्याध्यापक मीटिंगला गेले होते. काकांनी सगळ्या स्टाफसमोर मला सांगितलं, "मॅडम, तुमची शाळा चांगली हाये, पन हे स्थळ जमत नाई." दुसऱ्या दिवसापासून सहकारी मला विचारू लागले, मुलीकडून काही निरोप?

तरीही तीस पुस्तकं त्यांनी एकेक करून उजवली. प्रत्येकाच्या पाठवणीला स्वतः गेले. राहिलं एक. 'रुसकी म्हैस'. त्यांचं सगळ्यात लाडकं. आणि त्यासाठी त्यांना आमचं घर दिसलं, भिंतीपलीकडचं. "नजरेसमोर राहीन," म्हणाले. नजरेसमोर म्हणजे कानासमोर. पण तेही सरळ नाही. "आधी वाचून पाहा. मंग ठरवू."

म्हणजे मी माझ्याच घरात, माझ्याच मुलीला गोष्ट वाचून दाखवायची, आणि पलीकडे परीक्षक बसणार. आमचे हे तर खूश. "तुला कुणीतरी भेटलं बाई तपासणारं," म्हणाले आणि चप्पल घालून बाहेर पडले.

पुस्तक हातात आल्यावर कळलं, की त्यात गोष्टीइतक्याच पेन्सिलीच्या ओळी आहेत. पुसट झालेल्या, दवाखान्याच्या रजिस्टरच्या भाषेत. 'येथे मूल हसेल. न हसल्यास पुन्हा वाचावे.' 'येथे मूल विचारेल, मग? लगेच सांगू नये.' 'येथे मूल आपल्या दंडाला धरेल. धरू द्यावे.' आणि चौदाव्या पानावर, जिथे म्हैस पाय घट्ट रोवून उभी राहते आणि सगळं गाव तिला ओढत असतं, तिथे ठळक: 'येथे मूल पाणी मागेल. उठून द्यावे.'

गंमत अशी, की बहुतेक नोंदी खऱ्या ठरत. मुक्ता हसायचं तिथं हसायची. 'मग?' विचारायचं तिथं 'मग?' विचारायची. माझ्या बारा वर्षांच्या अनुभवाचं नाक कापलं जात होतं, तरी मी मनातल्या मनात काकांना मानत होते. पण चौदाव्या पानावर मुक्ता पाणी मागेना. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठव्या दिवशीही नाही.

रोज सकाळी कुंपणापाशी: "मागितलं का?"

"नाही."

"काऊन?"

"काका, तहान लागली नाही तिला."

"लागते. सगळ्या लेकरायले लागते. नोंद हाये ना!"

मग निदानं सुरू झाली. आधी म्हणाले मी फार घाई करते. "तुमी जीप पकडल्यावानी वाचून राह्यल्या, मॅडम. चौदाव्या पानावर दम घ्या." मी दम घेतला. मुक्ता झोपली. मग म्हणाले, जेवण वाचनाच्या आधी द्या आणि भाजीत थोडं तिखट वाढवा. मी म्हटलं, "म्हणजे पुस्तकासाठी मी लेकराला ठेचा चारू?" ते शांतपणे म्हणाले, "थोडासाक." नंतर त्यांना मुक्ताच्या तब्येतीचीच शंका आली. गुरं पाणी कमी प्यायला लागली की काय काय समजावं, हे त्यांनी मला कुंपणावरून ऐकवलं. जीप गेली. पायी फाट्यापर्यंत जाऊन मी दुसरी पकडली आणि शाळेत उशिरा पोचले.

पुरावा म्हणून ते एक गोष्ट नेहमी सांगत. "या पुस्तकापायी एकडाव माही गाडी हुकली होती. माही सुजी पानी पेत होती आन् तीनची गाडी गेली. एवढी तहान लागते या पुस्तकानं!" हे सांगताना त्यांचा चेहरा एखाद्या औषधाचा गुण सांगावा तसा व्हायचा.

शेवटी एका संध्याकाळी माझा बांध फुटला. दिवसभर शाळेत कसलीतरी माहिती भरून डोळे शिणले होते, गॅस संपला होता आणि चौदाव्या पानाशी मी पोचते न पोचते तोच भिंतीवर टकटक. "थांबा, मॅडम. आता मागन."

मी पुस्तक मिटलं आणि भिंतीवर ओरडले, "काका, माझ्या मुलीला तहान लागत नाही! ती तुमची सुजाता नाही, ती मुक्ता आहे! आणि हे माझं घर आहे, तुमचा दवाखाना नाही!"

मुक्तानं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच कुठल्यातरी म्हशीला वरचे दात काढले असावेत.

तीन दिवस भिंत वाजली नाही. मी रोज वाचत होते, म्हैस मुद्दाम चुकीची ओरडत होते, पण पलीकडून हूं की चूं नाही. आमचे हे म्हणाले, "भिंत रुसली." चौथ्या दिवशी मुक्ताच्या हातून औषधाच्या कागदावर चिठ्ठी आली. 'मूल चौदाव्या पानावर पाणी मागत नसल्यास पुस्तक परत करावे. चिखलीचे एक स्थळ आले आहे.'

आता मात्र माझं डोकं सणकलं. परत करा म्हणे! मुक्ता ते पुस्तक उशाखाली घेऊन झोपत होती. मी त्याच कागदाच्या मागे लिहिलं, 'मूल पुस्तक सोडत नाही. चिखलीकरांना कळवावे.' त्यावर उत्तर आलं नाही. पुस्तक आमच्याकडे राहिलं, पण दिलं असं काही काका म्हणाले नाहीत.

आणि मग सुजाता आली, वडिलांना न्यायला. तिशीची, चटपटीत, बोलताना हात हलवणारी. आवाज थेट वडिलांचा, म्हणजे गुरं हाकायला पुरेल असा. त्याच दिवशी दुपारी तीनच्या गाडीनं दोघं जालन्याला आणि तिथून पुण्याला जाणार होती. काका पलीकडे सामानाला दोरी बांधत होते. गाठ मारताना ते पायानं रेटत असावेत, कारण दर गाठीला एक धप्प ऐकू येत होतं. सुजाता निरोप घ्यायला आमच्याकडे आली. रविवार होता, म्हणून मीही घरी होते. मी चहा टाकला.

"आमच्या बाबांनी फार छळलं असेल ना तुम्हाला, ताई?" ती म्हणाली.

मी सभ्यपणे नाही म्हटलं. मुक्ता म्हणाली, "खूप!"

सुजाता हसली. मग तिला पलंगावरचं पुस्तक दिसलं. "अय्या, हे अजून आहे!" तिनं ते उचललं, पानं उलटली, लाल फुलीवर पुन्हा हसली. पेन्सिलीच्या ओळी मात्र तिनं कधी पाहिल्या नसाव्यात. तिचा वाचायचा वेग हळूहळू कमी झाला. 'दंडाला धरेल. धरू द्यावे.' तिथं ती थांबली.

"हे कधी लिहिलं यांनी?"

मला तरी कुठं माहीत होतं? मी इतके दिवस त्या सूचना आहेत असं समजत होते. पण त्या अक्षराकडे सुजाता ज्या नजरेनं बघत होती, त्यावरून माझ्या डोक्यात पहिल्यांदा उजेड पडला. सूचना नव्हत्याच त्या. खरोखरच नोंदी होत्या. एकाच मुलीच्या.

"बाबा वरवट बकालला होते तेव्हा नऊ वर्षं," सुजाता सांगू लागली. "आम्ही देऊळगाव राजाला. जिल्ह्याचं ते एक टोक, हे एक टोक. तीन गाड्या बदलून शनिवारी रात्री यायचे. आम्ही झोपलेले असायचो. म्हणजे आमच्या वाट्याला बाबा रविवारचे, तेही दुपारपर्यंत. जेवण झालं की हे पुस्तक. दर रविवारी हेच, कारण मीच हट्ट करायचे. आणि पुस्तक संपलं की बाबा पिशवी उचलायचे." तिनं पुस्तकाचं पान उलटलं. चौदावं. ती ओळ तिनं मोठ्यानं वाचली. "येथे मूल पाणी मागेल."

ती हसायला गेली, पण ते काही जमलं नाही.

"ताई, मला तहान लागायचीच नाही. मला पाठ होतं ना, की चौदाव्या पानानंतर म्हैस चालायला लागते, आणि ती चालायला लागली की पुस्तक लवकर संपतं. म्हणून मी तिथंच पाणी मागायचे. बाबा उठायचे, माठातून पाणी आणायचे. मी एकेक घोट प्यायचे. घोटाघोटाला त्यांच्या चपलांकडे बघायचे. एकदा तर इतकं हळू प्याले, की त्यांची तीनची गाडी चुकली. आई चिडली, बाबा चिडले. पण राहिले. तो माझ्या लहानपणाचा सगळ्यात चांगला रविवार आहे."

चहा उतू गेला. मी गॅस बंद करायला उठले, आणि तेव्हा मला जाणवलं, की पलीकडचं धप्प धप्प थांबलं आहे. कधी थांबलं, कळलंच नव्हतं. मी वरच्या फटीकडे पाहिलं. सुजातानंही पाहिलं, आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

पलीकडे कुणीतरी माठावरचं झाकण काढलं.

मग इंगळेकाका आमच्या दारात आले. हातात पाण्यानं भरलेला तांब्या, वर पेला उपडा. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मुलीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सुजे, पानी पाह्यजे का?"

सुजातानं नुसती मान हलवली. त्यांनी पेल्यात पाणी ओतून दिलं आणि तिच्या शेजारी पलंगावर बसले. ती पीत होती. एक घोट, मग थांबणं. मग एक घोट. पाऊण तास आधी स्टँडवर जाऊन बसणारा हा माणूस, घड्याळाकडे न बघता तिच्या पेल्याकडे बघत होता. पावणेतीन झाले. मी आपलं शेजारधर्म म्हणून हळूच म्हटलं, "काका, तीनची गाडी..."

"हुकू द्या, मॅडम," काका म्हणाले. "पाचची हाये ना."

मग तेच बोलले, कुणाशी म्हणून नाही. "म्या तं समजो, पुस्तकाचा गुन हाये. सोमवारपासून शनवारपर्यंत तिकडं खोलीत एकला हेच वाचत बसो. कुठं हसली, कुठं धरलं, कुठं पानी मागितलं. इसरू नाई म्हनून लिवलं. तहान नोती, हे काई समजलं नाई बा मले." त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, मुलीच्या मांडीवरचं पुस्तक घेतलं आणि चौदाव्या पानावर, जुन्या ओळीच्या खाली, जोर देऊन लिहिलं. माझ्या खुर्चीवरून मला दिसत होतं. 'तहान नसते. तरी द्यावे. घाई करू नये.'

सुजातानं पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि सरळ आपल्या पर्समध्ये घालायला लागली. ते आत जाईना, म्हणून तिनं पर्समधला मोबाइलचा चार्जर, पाण्याची बाटली आणि मुलाची खाऊची पुडी बाहेर काढून माझ्या पलंगावर ठेवली. "एवढ्याला होईल जागा," ती म्हणाली.

आता अडचण आमच्या बाजूची होती. मुक्ताचा खालचा ओठ पुढे आला. आणि खरं सांगते, सुरुवातीला जे पुस्तक परत करताना मी सुस्कारा टाकीन असं वाटत होतं, ते जाताना मला बघवेना. काकांनी मुक्ताकडे पाहिलं, घरी गेले आणि बांधलेलं गाठोडं सोडून एक पुस्तक घेऊन आले. नातवासाठी बुलडाण्याहून आणलेलं, अजून कागदाचा वास असलेलं 'टकल्या राजाचा कंगवा'.

"आयुषले ते जुनंच बरं," ते म्हणाले. "हे मुक्ताले. कोरं हाये. नोंद नाई." मग मला म्हणाले, "तुमी करा."

आणि पेन्सिल पुढे केली.

मी ती घेतली. ओढणीला पुसलीही नाही.

पाचच्या गाडीला सोडायला आम्ही तिघंही गेलो. खिडकीतून काका ओरडले, "पान सहावर घोडा हाये, मॅडम! घोडा दमानं खिंकाळते!" सगळी गाडी वळून बघायला लागली. माझ्या सहकाऱ्यांपैकी दोघं स्टँडवर होते. त्यांनी काय समजायचं ते समजलं असेल.

त्या संध्याकाळी सात वाजता मी नवं पुस्तक उघडलं. सहाव्या पानावर घोडा आला. मी खिंकाळले, जरा जास्तच वाईट, आणि थांबले. पलीकडे कुणीच नव्हतं. फटीतून नुसता रिकाम्या खोलीचा गारवा येत होता. मुक्ता उठली, भिंतीपाशी गेली आणि तिनं स्वतःच तीन टकटका दिल्या. मग कान लावून उभी राहिली.

मी पेन्सिल घेतली आणि पानाच्या कडेला लिहिलं, 'येथे मूल भिंत वाजवेल. थोडा वेळ थांबावे.'